एका फोनवर अख्खी वाडी

तळेघरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथं कुणाच्याच घरात फोनला रेंज येत नाही, फक्त माझ्या घरी येते. यात माझा काही मोठेपणा नाही. घर टेपावर, म्हणजे उंचवट्यावर आहे, पुढं डोंगर तुटलाय आणि पडवीत उभं राहिलं की खालचा टॉवर समोर दिसतो, एवढंच. लग्न होऊन आले तेव्हा याच टेपावरच्या वाऱ्याला मी रोज शिव्या घालायचे, कारण चूल धड पेटायची नाही. पुढं मुलानं चाकणच्या कंपनीतल्या पहिल्या पगारातून एक बटणाचा फोन आणून दिला, तो पडवीच्या खांबाला टांगला आणि तो वाजला. तेव्हापासून अख्खी वाडी फोन करायला माझ्या पडवीत येते.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण बँकेतल्या साहेबाला हेच मी परत परत सांगितलं आणि त्यानं एकदाही नीट ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका.

काही वर्षांमागं त्या बँकेची माणसं वाडीत आली. देवळाच्या ओट्यावर टेबल मांडलं, वर कापड घातलं आणि म्हणाली, सगळ्या बायकांनी खाती काढा. हिरडा आता सरकारी खरेदीत जाणार, त्याचे पैसे हातात मिळणार नाहीत, खात्यावर जमा होतील. हिरडा म्हणजे आमच्या रानातलं फळ. उन्हाळ्यात आम्ही बायका ते झाडावरून पाडतो, वेचतो, अंगणात वाळवतो. औषधाच्या कामाला जातं. भात आणि नाचणी खायला, हिरडा रोख पैशाला, असा आमचा हिशेब. आधी व्यापारी यायचा, माप मारायचा, कमी द्यायचा, पण हातावर द्यायचा. तर म्हटलं, खातं म्हणजे काय वाईट? मापात मारणार तरी नाहीत.

फॉर्म भरणारा मुलगा घामाघूम झाला होता. प्रत्येकीला विचारायचा, "मोबाईल नंबर?"

"न्हाई."

"मोबाईल नंबर?"

"हाय, पण लागत न्हाई."

"मोबाईल नंबर?"

"आमच्या ह्यांच्याकडं हाय. ते नारायणगावला टोमॅटो तोडायला गेल्यात."

शेवटी तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो मावशी, नंबराशिवाय फॉर्म पुढं सरकतच नाही. कुणाचा तरी द्या!"

सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडं बघितलं. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "आक्कांचा टाका की. आमचा निरोप तितंच येतो."

तो म्हणाला, "चालतंय. सगळ्यांना एकच टाकू. मेसेज आला की ह्या सांगतील."

हे त्याच्या तोंडचे शब्द आहेत. मी तिथं होते, माझे कान शाबूत आहेत. दहा-बारा खाती आणि माझा एक नंबर, हा शहाणपणा बँकेच्या टेबलावर झाला. आमच्या चुलीपुढं झाला नाही. आणि नियम मोडला म्हणून पुढं कुणाला धरलं, ते आता सांगते.

मी शाळेत गेलेली नाही. मुलगा पहिलीत असताना त्याच्याबरोबर पाटीवर गिरवलं आणि त्याच्या पुस्तकांतून वाचायला शिकले. त्यामुळं फोनवर आलेला मेसेज मला लागतो. इंग्रजी असला तरी आकडे कळतात, आणि जमा कुठलं आणि वजा कुठलं ते शब्दांच्या आकारावरून ओळखते. मेसेज आला की मी पडवीच्या कडेला उभी राहायची आणि खाली खाचरांकडं तोंड करून हाळी द्यायची. पण आकडा ओरडायचा नाही. पैसे आले हे वाऱ्यावर गेलं की संध्याकाळपर्यंत उसनं मागणारे दारात. म्हणून आम्ही ठरवलं होतं. पैसे आले की ओरडायचं, "पावणं आल्यात गं!" आणि पैसे कापले की, "पावणं गेलं!" ज्या बाईचं नाव घेतलं ती हातातलं काम टाकून वर यायची आणि आकडा कानात ऐकून जायची. आमचे बापे म्हणायचे, हिच्याकडं लई पाहुणे येतात, चहापत्ती कशी पुरते?

असं छान चाललं होतं. कुणाचा एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. मेसेजात कधी तो सहा आकड्यांचा नंबर आलाच, तर ज्या बाईचा असेल तिलाच सांगायचा. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही.

आता जावेचं सांगते, कारण खरा जीव टांगणीला लागला तो तिचा. तिची लेक कळंबला दिली आहे. तिथं लेकीच्या शेजारणीकडं तिनं घरघंटी बघितली. कपाटाएवढं मशीन, घरातल्या विजेवर चालतं, बटण दाबलं की दळण दळतं. आमच्याकडं दळण म्हणजे डोक्यावर पोतडी घेऊन तळेघरपर्यंत उतरायचं, गिरणी बंद असली की तशीच वर चढायची. जाऊ गुडघ्यानं अधू. ती म्हणाली, "आक्का, मी हे मशीन घेते. वाडीची नाचणी माझ्या ओटीवर दळंन. बाया डोंगर उतरायच्या वाचतील आन मला चार पैसं सुटतील." तिनं किती उन्हाळे हिरडा साठवून पैसे खात्यात ठेवले होते ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी हाळी मीच दिली. मंचरच्या दुकानदाराला तिनं इसार देऊन मशीन धरून ठेवलं. त्यानं बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत उरलेले पैसे आणा, नाहीतर मशीन दुसऱ्याला देईन आणि इसारही परत मिळणार नाही.

त्याच महिन्यात एका सकाळी मी अंगणात हिरडा पसरत होते आणि खांबावरचा फोन वाजायला लागला. थांबेच ना. एक मेसेज, दुसरा, तिसरा. हात पुसून बघितलं तर सगळे वजावटीचे. माझ्या खात्यातून कापले, जावेच्या कापले, पाटाकडच्या म्हातारीचे कापले. प्रत्येकीचा आकडा सारखा, पाचशेला थोडा कमी. पुढं इंग्रजीत काहीतरी. आश्रमशाळेतल्या मास्तरांना दाखवलं तर ते म्हणाले, विम्याचा हप्ता आहे.

कुणाचा विमा? कुणी मागितला? मी घरोघर विचारत फिरले. "तू सही केली व्हती का गं?" "न्हाई बाई." "तुला कुनी इचारलं व्हतं?" "कोन इचारतंय आमाला!"

एकेकीला आपापला मेसेज आला असता, तर तिनं म्हटलं असतं, असेल काहीतरी, बँकेचंच असेल. पण माझ्या हातात सगळ्यांचे एकाखाली एक पडलेले. ते बघून माझं डोकं फिरलं. उन्हात हिरडा पाडून पाडून ज्यांचे हात काळे झाले, त्यांच्या पैशाला हात लावताना एकीलाही विचारावंसं वाटलं नाही? दुकानात साखर घेतली तरी दुकानदार आधी विचारतो, किलो का अर्धा. इथं आमच्या नकळत पुडी बांधून पैसे घेऊन मोकळे!

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी एसटी धरून खाली बँकेत गेले. बँकेचं नाव लिहीत नाही. लिहून काय होणार, आणि दुसऱ्या बँकेनं आम्हाला काही पाटावर बसवलं असतं असंही नाही. खिडकीतल्या मुलीनं साहेबाच्या केबिनीकडं बोट केलं. साहेब तरुण होता, माझ्या मुलाहून लहान. बस म्हणाला नाही, मी बसले.

"साहेब, हा इमा कुनी काढला?"

"आजी, तुम्ही संमती दिली असणार."

"कवा?"

"खातं काढताना. फॉर्मवर सगळं असतं."

"फॉर्म तुमच्या मानसानं भरला. आमी फकस्त सही न् अंगठा."

"म्हणजे दिलीच की संमती." तो हसला. "आजी, तुमच्याच फायद्याचं आहे. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांना रक्कम मिळते."

"मी मेल्यावर मिळंल ते र्‍हाऊ द्या. मी जित्ती हाय तवर माझं कापू नका, येवढंच म्हनते. आन माझं एकटीचं न्हाई, सगळ्या वाडीचं कापलंय."

"सगळ्या वाडीचं तुम्हाला काय माहीत?"

"हे बघा की." आणि मी फोन त्याच्यापुढं केला.

माझ्या मनात काय होतं? पुरावा दाखवला की साहेब चुकचुकेल, म्हणेल, अरेरे, एवढ्या जणींचं चुकून कापलं. त्यानं फोन हातात घेतला, खाली खाली बघत गेला आणि त्याचा चेहरा पालटला. दुसऱ्या एकाला हाक मारून बोलावलं. दोघं मिळून बघायला लागले.

"एवढ्या खात्यांचे ओटीपी तुमच्याकडं येतात?"

"माझ्याच घरी रेंज हाय."

"तुम्ही यांच्या कोण?"

"कुनाची जाऊ, कुनाची चुलती, कुनाची शेजारीन."

"आजी, आजकाल गरिबांची खाती भाड्यानं घेऊन लोक फसवणूक करतात, माहीत आहे का तुम्हाला?"

मला आधी कळलंच नाही की तो माझ्याबद्दल बोलतोय. कळलं तेव्हा कानातून वाफ निघाली. "म्हंजे मी टोळी चालवते व्हय?"

"मी तसं म्हणत नाही. पण एका नंबरावर एवढी खाती चालत नाहीत. नियम आहे."

"तो नंबर तुमच्याच मानसानं टाकला! देवळाच्या ओट्यावर! आमच्याकडं रेंज..."

"तो माणूस आता इथं नाही." बोलता बोलता त्यानं कॉम्प्युटरवर बोटं चालवली. "सगळी खाती सध्या बंद केली आहेत. प्रत्येकीनं स्वतः यायचं, स्वतःचा वेगळा नंबर आणायचा, आधार, फोटो, केवायसी. मग चालू होतील."

"आन इम्याचं?"

"ते नंतर बघू."

मी विचारायला गेले चोरी कुणी केली, आणि चोर मीच ठरले. एवढं सोपं आहे ते! वाडीचे सगळे पैसे त्या बोटांच्या चार टकटकीत अडकले. अजून मला हे उमगलेलं नाही. आमच्या खात्यातून पैसे काढून घेताना आम्ही कोण, कुठल्या, आमचा फोटो जुना का नवा, हे कुणी विचारत नाही. तेव्हा आम्ही त्यांना नीट ओळखू येतो. आमचेच पैसे आम्हाला द्यायची वेळ आली की मग आधार आणा, फोटो आणा, तुम्ही तुम्हीच आहात हे दाखवा. मी मीच आहे! साठीच्या वर गेले, दुसरं कोण होणार आता?

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. डिंभ्याच्या धरणाचं पाणी आटून खाली गेलं होतं, त्याच्याकडं बघत राहिले, पण डोळ्यापुढं जाऊ होती. पाहुणे आले, पाहुणे गेले, यासाठी आमची हाळी ठरलेली होती. पाहुणे कुलपात अडकले, यासाठी काही ठरलेलं नव्हतं. म्हणून ओरडले नाही. घरोघर पायानं गेले.

पाटाकडची म्हातारी म्हणाली, "कुनी सांगितलं व्हतं शानपन करायला? चार-पाचशे गेलं तर गेलं. आता तर समदंच गेलं."

दुसरी एक तोंड वाकडं करून म्हणाली, "आक्का, तुमच्या फोनात आमचं पैसं गुतलं म्हना की."

हे लागलं मला. बँकेतल्या साहेबाचं बोलणं लागलं नाही एवढं हे लागलं. मी म्हटलं, "माझ्या फोनात न्हाई गुतलं, त्यांच्या कुलपात गुतलंय. आन कुलूप निघंपर्यंत मी तुमच्या म्होरं चालंन. मग काय म्हनायचं ते म्हना."

शेवटी जावेकडं गेले. ओटीवर मशीनसाठी तिनं जागा सारवून ठेवली होती, भिंतीत वायरमनकडून बटण बसवून घेतलं होतं. ती त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. मग म्हणाली, "महिना सरायला लई दिस न्हाईत, आक्का."

"मला ठाव हाय."

आता वेगळा नंबर म्हणजे वेगळं सिमकार्ड. बाजारात छत्री लावून एक पोरगा सिम विकतो. आम्ही सगळ्या मिळून तिथं गेलो. त्याच्या मशीनला बायकांच्या बोटांचे ठसे सापडेनात. हिरड्याच्या रसानं आणि कामानं बोटं गुळगुळीत झालेली. कुणी पदराला पुसतेय, कुणी तोंडानं वाफ देतेय. एक म्हणाली, "इमा काढताना बोट लागलं न्हाई, सिमला कसं लागतंय?" शेवटी निम्म्या जणींचे डोळ्यांचे फोटो काढून काम झालं. पोरगा म्हणाला, "मावशी, रिचार्ज करत राहा, नाहीतर सिम बंद पडेल." म्हणजे बघा. आपल्याच पैशाला हात लावता यावा म्हणून आता जन्मभर दुसऱ्या कंपनीला पैसे भरायचे. पैसे ठेवायचं भाडं म्हणा ना सरळ!

पण सिम घेतली, फोन कुणाकडं? बहुतेकींकडं नाहीच. ज्यांच्याकडं होते ते नवऱ्यांबरोबर कामावर गेलेले. प्रत्येकीनं आपलं सिम पदराच्या गाठीला बांधलं आणि आम्ही बँकेत शिरलो. माझा एकच फोन बरोबर.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "नवा नंबर टाकला की त्यावर ओटीपी येईल, तो मला सांगायचा." जावेचा पहिला नंबर. मी बाकावर बसले, फोनचं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, माझं सिम काढून चोळीत ठेवलं, जावेचं बसवलं, बॅटरी लावली, फोन चालू केला. त्या फोनची सवय अशी, की चालू झाला की एक हात दुसऱ्या हातात दिल्याचं चित्र येतं आणि मोठ्यानं सूर वाजतो. त्याचा आवाज कमी कसा करायचा हे मुलालाही कधी सापडलं नाही. अख्खी बँक वळून बघायला लागली.

टॉवर पकडायला वेळ लागला. मुलगी म्हणाली, "मुदत संपली, परत पाठवते." परत पाठवला. आला. सांगितला. झालं! मग झाकण काढ, बॅटरी काढ, पाटाकडच्या म्हातारीचं सिम. परत सूर. तिसरीचं. परत सूर. चौथ्या वेळी दारावरचा बंदूकवाला शिपाई तोच सूर तोंडानं काढायला लागला. रांगेतला एक म्हातारबाबा म्हणाला, "काय राव, बँकेत लगीन हाय काय?"

"व्हय पावणं," मी म्हटलं, "आमचं न् आमच्या पैशाचं परत लावतोय. बसा, जेवून जा."

बायका हसायला लागल्या. ज्या बाईनं तोंड वाकडं केलं होतं तीसुद्धा पदर तोंडाशी धरून हसली. तेवढ्यात साहेब केबिनीतून बाहेर आला.

"हे काय चाललंय? एकाच फोनवर परत?"

"फोन माझा, नंबर तिचा," मी म्हटलं. "तुमाला नंबर येगळा पायजे व्हता ना? का फोनबी येगळा पायजे? तसं लिवून द्या, मग फोन घ्यायला कर्ज बी द्या."

तो खिडकीतल्या मुलीकडं वळला. ती म्हणाली, "सर, नंबर वेगवेगळेच आहेत. ओटीपी बरोबर येतायत." तो आत गेला. त्याला मनातून पटलं असेल की नाही, देव जाणे. पण त्याच्या नियमाला आम्ही एकही भोक ठेवलं नव्हतं.

माझ्यासकट सगळ्यांचं होईतो दुपार टळली. मग मुलगी म्हणाली, "खाती उद्या चालू होतील. सिस्टीमला एक दिवस लागतो."

बंद करायला चार टकटकी. उघडायला एक दिवस! आता तुम्ही सांगा, हे कुलूप कुणाच्या सोयीचं आहे? आमच्या रस्त्याला एसट्या मोजक्या. उद्या परत यायचं म्हणजे पायपीट, भाडं आणि आणखी एका दिवसाचा खाडा. आणि दुकानदाराची मुदत उद्याच संपत होती. मी बाकीच्या बायकांना म्हटलं, तुमी घरी जा. आणि जावेला घेऊन कळंबला तिच्या लेकीकडं मुक्कामाला गेले. लेकीनं गरम भाकरी आणि पिठलं वाढलं, पण जाऊ घास मोडून नुसती बसली होती. लेक म्हणाली, "आई, मशीन न्हाई मिळालं तर न्हाई मिळालं. तू जेव." जाऊ म्हणाली, "मशीन न्हाई मिळालं तर न्हाई मिळालं, असं तुझ्या लग्नातल्या भांड्यांबद्दल म्हनले व्हते का मी?"

सकाळी बँकेचं दार उघडायच्या आत आम्ही पायरीवर. खातं चालू झालं होतं. जावेनं स्लिप भरली, मी अक्षरं सांगितली, तिनं सही केली. खात्यात होते तेवढे पैसे हातात आले, तर हिशेबापेक्षा थोडे कमी. परत काहीतरी कापलेलं. खिडकीतली मुलगी म्हणाली, "मेसेजचा चार्ज आहे, मागचा."

"मेसेजचा?" मी म्हटलं. "मेसेज तर सगळं माझ्याकडं येत व्हतं. तिच्याकडं एकबी आला न्हाई."

"पाठवलेले आहेत ना."

म्हणजे जो मेसेज माझ्याकडं येतो म्हणून आम्हाला चोर ठरवलं, त्याच मेसेजचे पैसे जावेकडून घेतले. त्या मुलीचा दोष नाही, ती बिचारी आमच्यासारखीच दुसऱ्याच्या हुकमावर बसलेली. म्हणून तिच्यावर ओरडले नाही. पण पायरी उतरताना एवढ्या मोठ्यानं बोलले की शिपाई उठून उभा राहिला.

कमी पडलेले मी माझ्या खात्यातून काढून दिले. जाऊ नको म्हणत होती. मी म्हटलं, "दळणात फेडून घे." तिथून मंचर. दुकानदारानं घड्याळात बघितलं, आमच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "मावशी, सकाळपासून दोन गिऱ्हाईकं विचारून गेली. म्हटलं संध्याकाळपर्यंत थांबू." त्यानं आम्हाला चहा पाजला. कुणाचंही नाव न विचारता, अंगठा न घेता. जावेच्या तोंडावरून त्यानं तिला ओळखलं. बँकेला हे का जमत नाही, मला सांगा.

मशीन टेम्पोनं तळेघरपर्यंत आलं. तिथून वर वाडीतल्या बाप्यांनी बांबूला दोर बांधून, डोलीत आजारी माणूस नेतात तसं नेलं. आता जावेच्या ओटीवर ते घरघर करतं. पहिल्या दिवशी तिनं माझीच नाचणी दळली. पीठ हातात घेतलं तर कोमट. मी दळणाचे पैसे पुढं केले, तर म्हणाली, "आक्का, तुमचं उसनं फिटंपर्यंत न्हाई घेत. आन फिटल्यावर रोखच द्या. बँकेत टाकाल तर माझ्या आधी त्येच घेत्याल."

पण गोष्ट इथं संपली असं समजू नका. आता काय झालंय ते सांगते. प्रत्येकीचा नंबर वेगळा झाला, बँक खूश झाली. पण वाडीत रेंज माझ्याच घरी. प्रत्येकीचं सिम कुंकवाच्या डबीत नाहीतर देवाच्या फळीवर पडलेलं. मेसेज सुटतात, त्यांचे पैसे कापले जातात आणि ते कुणाकडंच पोचत नाहीत. आधी वाईट होतं का? आधी कापलं की मला लगेच कळायचं आणि मी हाळी द्यायची. आता कापलं तर कुणाला कळणार? यालाच ते सुरक्षित म्हणतात. कुणाची सुरक्षा?

म्हणून आम्ही आमचं आम्ही ठरवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी सगळ्या बायका आपापली सिम घेऊन माझ्या पडवीत येतात. झाकण काढायचं, बॅटरी काढायची, सिम घालायचं. सूर वाजतो, पोरं नाचतात, मेसेज धडाधड येतात, मी वाचते. मागच्या बैठकीला पाटाकडच्या म्हातारीचं परत कापलेलं निघालं. तीच म्हातारी, जी म्हणाली होती चार-पाचशे गेले तर गेले. आता ती म्हणते, "आक्का, सोडायचं न्हाई."

विमा नको आणि कापलेलं परत द्या, असा अर्ज मी प्रत्येकीच्या नावानं लिहिला. अक्षर माझं वेडंवाकडं, पण वाचता येतं. साहेब म्हणाला, वर पाठवलाय. मी विचारलं, वर म्हणजे कुठं, तर पुणं म्हणाला. अजून उत्तर नाही. या बाजाराला परत जाणार आहे. या वेळी जाऊही येते म्हणाली. गुडघा दुखतो तिचा, पण दळण दुपारनंतर ठेवू म्हणाली.